पानाची डावी बाजू

दिवाळीचे चार दिवस लाडू, करंज्या आणि चिवडा यांच्या माऱ्याने जीभ मंदावली की पाडव्याच्या पंगतीत सर्वांत आधी संपते ती कोशिंबीर. श्रीखंडाला "आता पुरे" म्हणणारा पाहुणा काकडीच्या कोशिंबिरीला मात्र पान पुढे करतो. तिची जागा पानाच्या डाव्या बाजूला, मीठ, लिंबू, चटणी आणि लोणचे यांच्या शेजारी. उजवीकडे भाजी-आमटीचा मान, मधोमध भाताची मूद. डावीकडची मंडळी म्हणजे लग्नघरातल्या दूरच्या नातलगांसारखी. त्यांना कोणी विशेष विचारीत नाही, पण ती नसली तर लग्न लग्नासारखे वाटत नाही.

अशा या गरीब पदार्थावरून आमच्या घरात तंटा होईल असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या वर्षी पितृपक्षात माझ्या आजीच्या तिथीला पत्नीने तिच्या पानावर टोमॅटोची कोशिंबीर वाढली. टोमॅटो, कांद्याऐवजी किसलेला कोबी, दाण्याचे कूट, वर सायीचे दही आणि तुपाची फोडणी. आजीला ती जिवापाड आवडे. शेवटच्या आजारात अन्नावरची वासना उडाली तेव्हाही ती हिचीच वाटी मागत असे. पण माझे थोरले काका पानाशी आले, त्यांनी वाटी पाहिली आणि म्हणाले, "हे उचला. श्राद्धाच्या पानात परके अन्न चालत नाही." मी काही बोलणार तोच त्यांनी मलाच विचारले, "शाळेत इतिहास शिकवतोस ना? मग सांग, टोमॅटो कोणत्या ऋषीने लावला?"

मला उत्तर सुचले नाही. पत्नीने मुकाट्याने वाटी उचलली आणि काकडी चोचवायला बसली. आजीच्या पानावरून तिची आवडती वस्तू उचलली गेली, ही गोष्ट मात्र माझ्या मनात रुतून राहिली. काकांचा प्रश्न वर्षभर माझ्याबरोबर होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा उशिरा लिहिलेला पेपर आहे.

आरंभ काकडीपासून करू, कारण ती निर्विवाद आपली. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी, कडू बहीण अजूनही आपोआप उगवते, आणि तिथूनच माणसाने तिला घरात आणून गोड केली असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आपल्याकडे तिची नावे किती! कोकणात पावसाळ्यात मांडवावर लोंबणारे तवसे, देशावर बाजरीच्या शेतात सापडणारे वाळूक आणि बाजारातली नाजूक काकडी. तिला जोड मिळाली दह्याची, तेही आपलेच. ऋग्वेदात पूषन् या देवाला 'करंभ' आवडतो असे सांगितले आहे. करंभ म्हणजे सातूचे पीठ दह्यात कालवून केलेला पदार्थ. म्हणजे कोरडे काही घ्यावे, त्यावर दही घालावे आणि बोटांनी कालवावे ही आपली खोड वेदांइतकी जुनी आहे. पूषन् हा वाट दाखवणारा, प्रवाशांचा देव. पुढे जे प्रवासी आपल्या दह्यात येऊन मिसळले त्यांचा विचार केला तर हा योगायोग गोड वाटतो.

कोशिंबिरीचे नाव घेतले की कर्नाटकाची आठवण अपरिहार्य आहे. तिकडे रामनवमीला भिजवलेल्या मुगाच्या डाळीत काकडी, ओले खोबरे आणि लिंबू घालून 'कोसंबरी' करतात. आपल्या चैत्रातल्या हळदीकुंकवाची कैरीची डाळ तिच्या शेजारी ठेवा, म्हणजे नाते लक्षात येईल. कोसंबरी आणि कोशिंबीर या एकाच घरच्या मुली, एक तुंगभद्रेकडे राहिली, एक कृष्णा ओलांडून आली. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा ग्रंथ रचला. त्यात राज्यकारभार, हत्ती, रत्ने यांच्याबरोबर 'अन्नभोग' म्हणून स्वयंपाकावर वेगळे प्रकरण आहे. राजाने मिरी, आले, हिंग, सैंधव यांची नावे चवीने घेतली आहेत. पण मिरची नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही. असणार कुठून? ज्या खंडात ही सारी मंडळी राहत होती त्या खंडाची वार्ताच आपल्याकडे नव्हती.

दुसरीकडे जगातही कच्चे खाणे चाललेच होते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात इजिप्तला गेला, तेव्हा मोठ्या पिरॅमिडवरचा एक लेख वाटाड्याने त्याला वाचून दाखवला. मजुरांना खाऊ घातलेल्या मुळ्या, कांदे आणि लसूण यांवर १,६०० टॅलंट चांदी खर्च झाली, असा म्हणे त्याचा अर्थ होता. वाटाडे तेव्हाही थोडी थाप मारीत असतील. पण कष्टाच्या माणसाचा कांदा आणि मुळा इतका जुना आहे, हे खोटे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडे मात्र कांद्याचे नशीब वेगळे. सातव्या शतकात आलेला आणि पुलकेशीच्या महाराष्ट्राविषयी आदराने लिहिणारा चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग सांगतो की, या देशात कांदा-लसूण थोडे लोक खातात, आणि खाणाऱ्याला गावाबाहेर राहावे लागते. आज त्याच कांद्यासाठी आपण आषाढात कांदेनवमी साजरी करतो, आणि चार महिन्यांच्या विरहापूर्वी भज्यांवर ताव मारून घेतो. गावाबाहेरचा माणूस सणाचा मानकरी कसा होतो याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

रोमन लोक तर कच्च्या पाल्याचे भोक्तेच. पाल्याला ते मीठ लावीत. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात, म्हणून खारवलेला पाला तो 'सालाता', आणि त्यापासून आजचे सॅलड. त्यांच्यातला जुन्या वळणाचा काटो, म्हणजे आमच्या काकांचाच अवतार, कोबीवर इतका लुब्ध होता की शेतीवरच्या ग्रंथात त्याने कोबीचे स्तोत्रच गायिले आहे. मेजवानीत पोटभर खायचे-प्यायचे असेल तर आधी कच्चा कोबी व्हिनेगारमध्ये बुडवून खा, असा त्याचा सल्ला. हा कोबी युरोपच्या समुद्रकाठचा. आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या जहाजातून आला, आणि येताना नावही घेऊन आला. पोर्तुगीजांचा 'कोव्ह' तोच आपला कोबी, त्यांचा 'बटाटा' तोच आपला बटाटा.

१४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० साली अल्बुकर्कने गोवा घेतला. त्या आधी, १४९२ साली, कोलंबस अमेरिकेला पोचला होता. या तीन सालांच्या मधे आपल्या पानाची डावी बाजू बदलून गेली. मिरची आली आणि मिरीला म्हातारपण आले. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून निघून समुद्रावरून फिरत इथल्या काळ्या मातीत भुईमूग झाला, आणि पुढे इतका सोवळा ठरला की एकादशीला साबुदाण्याच्या खांद्याला खांदा लावून बसला. टोमॅटो मेक्सिकोच्या बाजूचा, 'टोमॅटल' हे तिथल्या नाहुआ लोकांनी ठेवलेले त्याचे नाव. आपल्याकडे तो उशिरा रुजला, साहेबाच्या बंगल्यातल्या बागेतून बाजारात आला. वऱ्हाडात त्याला भेदरे म्हणू लागले. लाल रंगामुळे कित्येक जुन्या घरांत त्याला चुलीजवळ येऊ देत नसत. गाजराचीही हीच कथा. अफगाणिस्तानच्या आसपास माणसाने प्रथम जांभळे गाजर पिकवले, आणि नारिंगी गाजर सतराव्या शतकात हॉलंडच्या शेतांत नावारूपाला आले.

हॉलंडचे नाव निघाले म्हणून एक आडवळण घेतो. कोबी बारीक चिरून, वर मऊ, दाटसर काहीतरी घालून खाण्याचा पाश्चात्त्य प्रकार आज मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत 'कोलस्लॉ' म्हणून मिळतो. ते नाव डच आहे. 'कूल' म्हणजे कोबी आणि 'स्ला' म्हणजे सॅलड. सतराव्या शतकात डच व्यापारी जगभर पसरले. १६३७ साली त्यांनी आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे पडके अवशेष आजही आहेत. त्याच सुमारास अमेरिकेच्या किनाऱ्यावर त्यांनी न्यू ॲम्स्टरडॅम वसवले. ज्या १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, त्याच साली इंग्रजांनी ते गाव डचांकडून घेऊन त्याचे न्यूयॉर्क केले. राज्य गेले, पण स्वयंपाकघर गेले नाही. १७४९ साली पेहर काल्म नावाचा स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ न्यूयॉर्कच्या उत्तरेला ऑल्बनी गावी उतरला होता. त्याच्या डच घरमालकिणीने कोबीच्या पातळ पट्ट्या चिरून त्यांवर तेल, व्हिनेगार, मीठ, मिरी घालून वाढली, आणि पुष्कळदा तेलाऐवजी वितळलेले लोणी घालतात असे त्याने टिपून ठेवले. चिरलेला कोबी आणि वरून ओतलेले गरम लोणी! आमच्या घरची तुपाची फोडणी याहून किती दूर आहे?

पुढे त्यावर मेयोनेज आले. १७५६ साली फ्रेंच सेनेने भूमध्य समुद्रातले मिनॉर्का बेट इंग्रजांकडून जिंकले. तिथल्या माहॉन बंदरावरून त्या विजयाची आठवण म्हणून हे नाव पडले, अशी गोष्ट सांगतात. पण ते छापील पुस्तकांत दिसू लागते ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, म्हणून पंडित या गोष्टीकडे साशंकतेने पाहतात. करण्याची युक्ती मात्र खरोखर सेनापतीच्या तोलाची आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकात तेल थेंबथेंब घालीत एकसारखे घोटायचे. घाई केली की फुटले. तेल आणि पाणी यांचे जन्माचे वैर, पण बलकातला लेसिथिन नावाचा पदार्थ दोघांचेही हात धरतो आणि त्यांचा संसार लावून देतो. आपल्याकडे हे मध्यस्थीचे काम न घोटता, न फेटता, रात्रभर झाकून ठेवलेल्या विरजणाने होते. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात दह्यातला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. आमच्या आजीने त्याला कधी पाहिले नाही, पण थंडीच्या दिवसांत विरजणाचे भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवताना ती त्याची काळजी लेकरासारखी घेत असे.

आता कुरकुरीतपणाविषयी दोन शब्द, कारण कोशिंबिरीचा प्राण तोच. काकडी किंवा कोबी करकर वाजतो तो त्याच्या पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतात म्हणून. मीठ लागले की पाणी आतून बाहेर धावते आणि फोड लोळागोळा होते. पातळ पडद्यातून होणारी द्रवाची ही ये-जा १७४८ साली फ्रान्सच्या नोले या धर्मगुरूने दाखवून दिली. डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत मद्यार्क भरून ती त्याने पाण्यात ठेवली आणि ती टम्म फुगली. आपल्या गृहिणींनी हा पाठ प्रयोगशाळेविना गिरवला आहे. म्हणून मीठ आणि दही वाढायच्या वेळी, आधी नाही. ज्यांना पाणी नकोच, त्या चोचवलेल्या काकडीला आधी मीठ लावून पिळून घेतात आणि ते पाणी कणकेत घालतात. वाया काही जात नाही.

पण कच्चे खाणे ही केवळ चवीची गोष्ट नाही, ती विश्वासाची गोष्ट आहे. शिजवलेल्या अन्नाचा जामीन अग्नी असतो. कच्च्याचा जामीन कोण? धुणारे पाणी आणि चिरणारा हात. इंग्रज साहेब हिंदुस्थानात आला तेव्हा विलायतेतले आवडते सॅलड खायला तो भीत असे, आणि मडमा पोटॅशियम परमँगनेटच्या लाल पाण्यात पाला बुडवून घेत. भीती खोटी नव्हती. पटकी म्हणजे कॉलरा, तो पाण्यातून पसरतो, हे लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा माग काढून जॉन स्नो या डॉक्टराने १८५४ साली दाखवले. १८८४ साली रॉबर्ट कॉखने कलकत्त्याच्या रोग्यांत तो जंतू पकडला. या दोन सालांच्या मधे, १८६० साली, मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने आले, आणि १८९२ साली तानसाचे. नळावर धुतलेली काकडी निर्धास्तपणे चावता येणे, हे त्या धरणांचे आपल्यावरचे उपकार आहेत, आणि आपण ते कधी मोजत नाही. ज्या गावांना आजही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे कोशिंबीर ही चैन आहे, हेही दिवाळीच्या पंगतीत विसरू नये.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यांचे म्हणणे निराधार नाही, हे मी आधी कबूल करतो. जगन्नाथपुरीच्या महाप्रसादात आजही बटाटा, टोमॅटो, कोबी, मिरची घालीत नाहीत. ते स्वयंपाकघर म्हणजे कोलंबसाच्या आधीच्या हिंदुस्थानाचे जिवंत संग्रहालय आहे, आणि श्राद्धाचे पान हेही घरोघरचे तसेच एक छोटे संग्रहालय. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी जे खाल्ले असेल तेच त्यांना वाढावे, यात एक आदर आहे. तो मी थट्टेवारी नेणार नाही.

पण मग हिंगाचे काय? काकांच्या काकडीत जी फोडणी पडते तिच्यात हिंग हवाच. तो येतो इराण आणि अफगाणिस्तानच्या डोंगरांतून. गोव्यात वैद्यकी करणारा आणि मुंबई बेट खंडाने घेतलेला गार्सिया द ओर्ता, गोव्यातच १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात लिहितो की साऱ्या हिंदुस्थानात हिंगाइतके दुसरे काही वापरले जात नाही. आणि गंमत अशी की, हा देशभर खपणारा पदार्थ आपल्या मातीत पिकवण्यासाठी शास्त्रज्ञांनी हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात रोपे लावली ती २०२० साली! म्हणजे हजारो वर्षे ज्याच्याशिवाय आमची वरण-आमटी शुद्ध होत नाही, तो स्वतः काबुलीवाल्याच्या झोळीतून येत होता.

या वर्षी तिथीच्या आदल्या संध्याकाळी मी काकांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ सुपारी कातरीत बसले. मग म्हणाले, "हिंग जुना आहे रे. त्याची सवय झाली."

"मग काका, प्रश्न परक्या-आपल्याचा नाहीच," मी म्हणालो. "नव्या-जुन्याचा आहे. टोमॅटो तुमच्या आजोबांना नवा होता. आजीला तो नवा नव्हता. तिने पन्नास वर्षे तो आपल्या हाताने चिरला. तिच्या पानावर तिच्या काळाचे अन्न नको का?"

काका यावर काही बोलले नाहीत. आतून पत्नीने चहा आणला, तो त्यांनी घेतला. उठताना मात्र तिला म्हणाले, "सूनबाई, उद्या माझ्या वडिलांच्या नावाच्या पानावर काकडीच वाढ, मिरी घालून. मिरची नको." आणि दारापर्यंत जाऊन, चपला शोधता शोधता, पाठमोरेच म्हणाले, "आईला टोमॅटोत साखर जरा जास्त लागायची."

दुसऱ्या दिवशी दोन पानांवर दोन कोशिंबिरी होत्या. दोन्हींत दही एकाच विरजणाचे आणि हिंग एकाच डबीतला. कावळ्याने आधी काय उचलले असे पुष्कळांनी मला विचारले. त्याने वडा उचलला. तो नेहमी वडाच उचलतो. पण काका जेवायला बसले तेव्हा त्यांच्या पानाच्या डाव्या बाजूला लाल-पांढरी अशी एक डावभर कोशिंबीर होती, आणि ती त्यांनी मागून घेतली होती.